ओळख करून घ्यायची, पण कशी?

भाषेच्या वर्गाचा पहिला तास म्हटला की ओळखपरेड ठरलेली. सगळ्यांनी गोलात बसायचं आणि एकेकाने उठून नाव, काम, छंद सांगायचे. मला हा प्रकार अगदी नकोसा वाटतो. ज्याची पाळी यायची असते तो आपलं वाक्य मनातल्या मनात घोकत असतो, ज्याची झाली तो हुश्श करत असतो. ऐकत कुणीच नसतं. शिवाय जी भाषा अजून जिभेवर बसलेली नाही, त्या भाषेत वर्गभर अनोळखी माणसांसमोर एकट्याने बोलायचं, तेही पहिल्याच दिवशी!

म्हणून मी शिकवते त्या वर्गात फळ्यावर आधी उत्तरं लिहिते. सात. मोठी बहीण. पोहणं. कधीच नाही. ही माझ्याबद्दलची उत्तरं आहेत, प्रश्न तुम्ही शोधा, एवढंच सांगते. थोडा वेळ सगळे गप्प. मग कुणीतरी धीर करून विचारतं, 'तुम्ही सात वाजता उठता?' नाही. 'घरात सात माणसं आहेत?' बरोबर! 'कधीच नाही'वर तर झुंबड उडते. तुम्ही रागावता का? खोटं बोलता का? वर्गाला उशिरा येता का? प्रश्नार्थक वाक्यांचा एवढा सराव स्वाध्यायाच्या चार पानांत होत नाही. आणि पहिल्यांदा उलगडते ती मी, ते नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मग प्रत्येकाने चिठ्ठीवर आपली तीन उत्तरं लिहायची आणि जोडीदाराने प्रश्न शोधायचे. 'लग्न झालंय का?', 'काय काम करता?' हे प्रश्न पाठ्यपुस्तकाला सोपे वाटतात. पण ज्याची नोकरी नुकतीच गेली आहे किंवा घरात काही बिनसलंय, त्याला तेच सगळ्यात जड जातात. चिठ्ठीवर काय लिहायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. एका बाईंनी नुसतं 'खिडकी' लिहिलं होतं. जोडीदार विचारून विचारून दमला, शेवटी म्हणाला, 'घरात तुमची आवडती जागा कोणती?' त्यानंतर त्या दोघांच्या गप्पा थांबवायचं माझ्या जिवावर आलं.

१९८६ साली भाषाशिक्षणाच्या अभ्यासक इलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परभाषेच्या वर्गातली भीती मोजायला ३३ विधानांची प्रश्नावली तयार केली. बोलण्याची धास्ती, परीक्षेची धास्ती आणि लोक आपल्याला काय समजतील ही धास्ती, या तिन्हींशी त्यांनी ही भीती जोडली. माझ्या मते पहिल्या आठवड्यात काम करायचं ते तिसरीवर. चार्ल्स करन या मानसशास्त्रज्ञाच्या पद्धतीत तर शिकणारे गोलात बसत आणि शिक्षक त्यांच्या पाठीशी उभा राहत असे. शिकणारा आपल्या भाषेत म्हणणं सांगे, शिक्षक ते नव्या भाषेत हळूच सांगे आणि मग शिकणारा ते सगळ्यांना ऐकवे. मी पूर्ण पद्धत वापरत नाही, पण जोड्या बोलायला लागल्या की फळ्यापासून हलते आणि मागे उभी राहते. कुणी अडलं तर हवा तो शब्द कानाशी सांगते. त्या तासाला चुका काढत नाही. वाक्य चुकलंच तर माझ्या उत्तरात बरोबर रूप सहज येईल एवढं बघते.

'दोन खरं, एक खोटं' हा खेळ, म्हणजे स्वतःबद्दल तीन गोष्टी सांगायच्या आणि त्यातली खोटी इतरांनी ओळखायची, बऱ्याच ठिकाणी पहिल्याच दिवशी खेळतात. माझ्याकडे तो बऱ्याच उशिरा येतो. पटेल असं खोटं बोलायला भाषा चांगली यावी लागते, आणि एकमेकांवर विश्वास बसायच्या आत एकमेकांना फसवायला का लावायचं?

जोडीदाराची ओळख वर्गाला करून द्यायची असेल तर एक नियम मी कडक पाळते: 'यातलं काय सांगू?' हे आधी त्यालाच विचारायचं. तो म्हणेल तेवढंच बाहेर येतं. पुढच्या तासाला व्याकरणाची उदाहरणं मी त्याच माहितीतून करते. आपण सांगितलेलं कुणीतरी लक्षात ठेवलंय हे कळलं की मागच्या बाकावरचे हातही वर येऊ लागतात.

मध्येच दाखल होणाऱ्यांचं मात्र वेगळं. त्यांना सगळ्यांसमोर उभं करत नाही. दोन जुन्या विद्यार्थ्यांबरोबर बाजूला बसवते, चिठ्ठ्या देते आणि बाकीच्यांना वाचन देते.