तुल्सा, नोव्हेंबर आणि एक हरवलेलं मॅगझिन

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातल्या तुल्साला, एक्स्पो स्क्वेअर या प्रदर्शनाच्या मैदानासमोर, 75 फुटी सोनेरी माणूस उभा आहे. कमरेला पट्टा, डोक्यावर हेल्मेट, एक हात तेलविहिरीच्या डेरिकवर टेकलेला. हा गोल्डन ड्रिलर. तिथल्या बंदुकांच्या बाजारासाठी सकाळी आठ वाजता त्याच्या बुटांपाशी गाडी लावली तेव्हा आमच्या आधी निदान हजार गाड्या येऊन लागल्या होत्या. "हात पाठीमागे," दादाने तिसऱ्यांदा बजावलं. मी टुरिस्ट व्हिसावर आलेली. पिस्तूल विकत घेणं लांबच, हातात धरायचंही नाही, हा त्याचा नियम. मग दिवसभर मी लग्नात ओळखीचं कोणी नसलेल्या पाहुण्यासारखी, हात मागे बांधून फिरले. एका अर्थी बरंच झालं. काही घ्यायचंच नसलं की बघणं निवांत होतं.

दादा माझा मावसभाऊ. पंचवीस वर्षं ओक्लाहोमात आहे, आता तिथला नागरिक. त्याच्याकडे 'क्युरिओ अँड रेलिक' लायसन्स आहे: तीन वर्षांची फी 30 डॉलर, आणि पन्नास वर्षांहून जुनं, मूळ रूपातलं शस्त्र दुसऱ्या राज्यातूनही मागवायची मुभा. प्रत्येक खरेदी-विक्री एका बांधीव वहीत नोंदवावी लागते. ती वही तो घरच्या हिशेबापेक्षा नीट ठेवतो, असं वहिनीचं म्हणणं.

आदल्या दिवशी तो मला क्लेअरमोअरला घेऊन गेला होता. जे. एम. डेव्हिस नावाच्या हॉटेलमालकाने आयुष्यभर जमवलेल्या हजारो बंदुकांचं संग्रहालय तिथे आहे. सात वर्षांचा असताना औषध मुकाट्याने घेतलं म्हणून वडिलांनी त्याला पहिली बंदूक दिली होती म्हणे. दुसऱ्या दालनातच माझे डोळे थकले. किमतीची चिठ्ठी नसली की वस्तू नुसती वस्तूच राहते, हे मला तिथे कळलं. बाजारात तसं नव्हतं.

हा बाजार वर्षातून दोनदा भरतो, एप्रिलमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये. एका छपराखाली अकरा एकर, चार हजारांवर टेबलं. दादाने विकायला आणलेलं पिस्तूल दारात पहारेकऱ्यांनी तपासलं, रिकामं असल्याची खात्री केली आणि प्लास्टिकची पट्टी ओवून बांधून टाकलं.

त्या पिस्तुलाची कथा आधी सांगते, कारण दादा ती स्वतःहून कुणाला सांगत नाही. जर्मन वॉल्थर पी-38. विकणाऱ्याने सांगितलं होतं की आजोबांनी 1945 साली जर्मनीहून सैनिकी पिशवीतून आणलं. याला इथे 'ब्रिंगबॅक' म्हणतात आणि त्या एका शब्दाचे शेकडो डॉलर पडतात. दादाने 1,100 मोजले. चार महिन्यांनी तेल पुसताना नळीच्या खालच्या अंगाला मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ सापडली: आयात करणाऱ्या कंपनीचं नाव आणि गाव. अशी खूण व्यापारी आयातीवर असते, सैनिकाच्या पिशवीतून आलेल्या मालावर नसते. शिवाय रंग सगळीकडे एकसारखा गडद काळा, आणि एका भागावरचा नंबर विजेच्या पेन्सिलीने कोरलेला. रशियनांनी युद्धात हस्तगत केलेली पिस्तुलं पुढे सुटी करून, रंगवून, हाताला येतील ते भाग जोडून गोदामात ठेवली. त्यांतलंच हे एक. "आजोबा होते, पण रशियन होते," दादा म्हणाला. आज त्याने त्यावर 700 ची चिठ्ठी लावली होती आणि खाली स्वच्छ अक्षरात 'रशियन कॅप्चर' लिहिलं होतं.

पहिली थांबायची जागा अमेरिकन टेबलांची. एम 1911 ए 1, म्हणजे अमेरिकन सैन्याचं जुनं पिस्तूल. माझ्या लेखी सगळी एकसारखी: करडी, ठोकळेबाज, .45 ची. किमती मात्र 1,900 पासून 4,000 पर्यंत. फरक डाव्या बाजूला कोरलेल्या नावाचा. दुसऱ्या महायुद्धात कोल्ट या बंदुका बनवणाऱ्या कंपनीला एकट्याने पुरवठा जमेना, म्हणून सरकारने काम इतरांना वाटलं. टाइपरायटर बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडने जवळपास नऊ लाख पिस्तुलं बनवली. सगळ्यांत जास्त म्हणून सगळ्यांत स्वस्त. रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नलने 55 हजारांच्या आसपास, म्हणून महाग. आणि आमच्या आजीच्या माळ्यावरच्या शिलाई मशीनवर जे सोनेरी नाव होतं, त्या सिंगरने फक्त 500. चाचणीची ऑर्डर होती ती. त्यानंतर त्यांना विमानविरोधी तोफांची नेम साधणारी उपकरणं बनवायला लावलं. आज खरं सिंगर लिलावात लाख डॉलरच्या पुढे जातं. म्हणूनच सिंगरचं नाव कोरलेल्या खोट्या स्लाइडही (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) फिरत असतात. एका टेबलावर अशी एक उघड्यावर पडली होती, चिठ्ठीवर 'नक्कल' लिहून. प्रामाणिक नक्कल बघून मला उगाच बरं वाटलं.

1960 च्या दशकात हीच पिस्तुलं सरकारी योजनेतून 17 डॉलरला मिळायची. 2018 मध्ये लष्कराच्या कोठारातली 8,000 पिस्तुलं सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅममार्फत नागरिकांना विकायला निघाली, तेव्हा दर्जाप्रमाणे भाव होता 850 ते 1,050. अर्ज फक्त पोस्टाने. ते आले 19 हजारांच्या घरात, आणि क्रम सोडतीने लागला. दादाचा नंबर शेवटाकडे, त्यामुळे त्याच्या वाट्याला सगळ्यांत खालचा 'रॅक ग्रेड' आला. सांगाडा रेमिंग्टन रँडचा, स्लाइड कोल्टची, नळी तिसऱ्याच कुणाची. अशा खिचडीला संग्राहक 'मिक्समास्टर' म्हणतात. पण सैन्यात ते तसंच वापरलं गेलं, तिथल्याच कारागिरांनी तसं जोडलं. मला विचाराल तर त्याहून खरं पिस्तूल दुसरं नाही. बाजार मला विचारत नाही.

जपानी टेबलावर मी बराच वेळ रमले, कारण तिथे गणित होतं. टाइप 14 नांबू या पिस्तुलाच्या उजव्या अंगावर शोवा या जपानी कालगणनेची खूण, मग दोन आकडे आणि मध्ये टिंब: 19.5. शोवा सालात 1925 मिळवायचे, म्हणजे 1944 चा मे महिना. पुढच्या पाच पिस्तुलांच्या तारखा मी मनातल्या मनात काढल्या. तारीख जसजशी पुढे सरकते तसतसं काम ओबडधोबड होत जातं: कानशीचे ओरखडे तसेच, कडा न घासलेल्या. चिठ्ठ्या न वाचताही युद्ध कुणीकडे झुकलं होतं ते कळत होतं.

पोलंडची व्हिस 35 पिस्तुलं दोनच होती. एकावर पोलिश गरुड आणि 1939 साल, त्याला काचेचा डबा आणि न परवडणारा आकडा. दुसरं जर्मन ताब्यातल्या राडोम कारखान्यातलं, त्याच्या निम्म्याहून कमी. मालक म्हणाला, या दुसऱ्याची नळी राडोमला बनायचीच नाही, ऑस्ट्रियात श्टायरला बनायची. पोलिश कामगार भाग चोरून पूर्ण पिस्तुलं भूमिगतांना पोचवतील याची जर्मनांना धास्ती होती. आणि ते पोचवतही होते. बाजार गरुडाला भाव देतो. मला तो नळी नसलेला कारखाना दिसत राहिला.

इथे एक गोष्ट बोलूनच टाकते. गरुडाखाली स्वस्तिक असा ठसा जितका ठळक, तितकी किंमत चढी. शेजारच्या टेबलावर नुसता तोच माल होता: पट्टे, बिल्ले, होल्स्टर. मी दादाला म्हटलं, इथे नको थांबूया. तोही थांबला नाही.

आणि मग लूगरवाले आजोबा. लूगर म्हणजे जुनं जर्मन पिस्तूल. ऐंशीच्या पुढचे, गळ्यात दोरीला सोनाराचं भिंग. त्यांच्याकडे दोन लूगर शेजारी ठेवलेली, दोन्हींवर 1917. एक चकचकीत निळंकाळं, आरशासारखं, किंमत 950. दुसऱ्याच्या कडा विटलेल्या, मुठीचं लाकूड काळवंडलेलं; त्याचे 2,300. मी न राहवून विचारलं, उलटं झालंय का? आजोबा खुशीत हसले. त्यांनी चकचकीत पिस्तूल उचललं आणि भिंग माझ्या डोळ्यापुढे धरलं. अक्षरांच्या कडा बसलेल्या, भोकांच्या काठाशी धातू खोलगट झालेला; पॉलिशच्या चाकाने खाल्लेला. मग चाप दाखवला: निळा. दुसऱ्याचा चाप फिकट सोनेरी, गवताच्या काडीच्या रंगाचा. त्या काळी चाप, सेफ्टी असे बारके भाग भट्टीत तापवून तो रंग आणत. नंतर कुणीतरी सगळंच एका रंगात बुडवून 'नवं' केलं आणि हजाराहून जास्त डॉलर धुऊन टाकले. मला बाबांचा नाण्यांचा डबा आठवला. ढबू पैशावरची काळपट झाक मी चिंच लावून घासली होती तेव्हा ते रागावले नव्हते, नुसते गप्प बसले होते. त्या गप्पपणाचा अर्थ तुल्साला लागला.

"आता नंबर," आजोबा म्हणाले. पूर्ण नंबर सांगाड्यावर आणि नळीवर. शेवटचे दोन आकडे बाजूच्या पट्टीवर, चापावर, गुडघ्यासारख्या दुमडणाऱ्या टॉगलवर. भिंगाखाली सगळीकडे तेच दोन. एक जरी वेगळा निघाला तरी भाव घसरतो. नंबराखालचं छोटं अक्षरही बघायचं, कारण दहा हजार झाले की गिनती पुन्हा एकपासून आणि पुढचं अक्षर. अक्षर नसेल तर नंबर म्हणजे आडनाव नसलेला पत्ता.

शेवटी मॅगझिन, म्हणजे मुठीत सरकवायचा गोळ्यांचा कप्पा. त्याच्या बुडावरही पिस्तुलाचाच नंबर असतो. सोबत दोन मॅगझिन मिळायची. दुसऱ्यावर नंबराशेजारी अधिकचं चिन्ह. पण मॅगझिन चिखलात पडतात, घाईत अदलाबदल होतात. मूळचं सोबत असलेलं लूगर म्हणूनच भाव खातं.

दादाच्या घरी एक लूगर आहे, माउझर कंपनीचं, 'एस/42' ठशाचं, 1938 चं. सगळे नंबर जुळतात, मॅगझिन सोडून. ते कुणा दुसऱ्याचं. त्याने आजोबांना सांगितलं तसं त्यांनी टेबलाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत पंचवीस-तीस मॅगझिन, प्रत्येकाच्या बुडाला कागदी पट्टी. त्यांची पिस्तुलं कुठे आहेत हे कुणालाच माहीत नाही. दादा एकेक उलटं करून बघत राहिला. एकाचे पहिले तीन आकडे जुळले आणि मी श्वास धरला. चौथा 6 होता, आम्हाला 8 हवा होता.

आजोबांनी डब्याच्या झाकणातून वही काढली. पानापानांवर नंबर, त्यापुढे गावं: विचिटा, अमारिलो, एक नॉर्वेतलंही. काहींवर तांबडी रेघ. ती रेघ म्हणजे सापडलं. मी मोजल्या, एवढ्या जाड वहीत सात.

"अक्षर?" त्यांनी विचारलं.

"के," दादा म्हणाला. "आणि अधिक असलं तरी चालेल."

त्यांनी नंबर लिहिला, खाली छोटा के काढला, पुढे 'तुल्सा' लिहिलं. मग जरा थांबून माझ्याकडे बघत विचारलं, तुझं गाव कुठलं? मी सांगितलं. स्पेलिंग दोनदा विचारून तेही त्यांनी त्याच ओळीत लिहून ठेवलं.

पी-38 विकलं गेलं नाही. दारात पट्टी कापताना पहाऱ्यावरच्या माणसाने चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, "700 ला ठीक आहे." "एप्रिलमध्ये ये," दादा म्हणाला.