आधी फोटो, मगच फडकं

माझ्याकडे एक छोटा मिटणारा चाकू आहे, हाडाच्या मुठीचा, दोन पात्यांचा, मिटल्यावर जेमतेम माझ्या बोटाएवढा. संग्रहातली ही माझी पहिली वस्तू, आणि माझ्या हातून कायमची खराब झालेलीही हीच. मिळाला तेव्हा पातं काळपट-करडं होतं, मधे मधे निळसर डाग, आणि जुनी वस्तू म्हणजे ती स्वच्छ करायची असते एवढंच मला तेव्हा कळत होतं, त्यामुळे बारीक पॉलिश पेपर घेतला, मग त्याहून बारीक, मग बफिंगची पेस्ट, आणि दोन तासांत पातं असं लखलखलं की मी खुशीत सगळ्यांना दाखवत सुटले. दुसऱ्या दिवशी सावकाश बघायला बसले तेव्हा लक्षात आलं की पात्याच्या मुळाशी, जिथे ते मुठीला भेटतं तिथे, काहीतरी अक्षरं होती. होती.

मोबाईलमध्ये चाकू घरी आणला त्या दिवशी सहज काढलेला एक फोटो सापडला. त्यात वरच्या ओळीत बनवणाऱ्याचं नाव असावं पण ते अजिबात लागत नाही, त्याखाली शेफिल्ड (इंग्लंडमधलं चाकू-कात्र्यांचं शहर) या शब्दाची सुरुवातीची अक्षरं आहेत, आणि त्याच्याही खाली एक धूसर पट्टा आहे जो अजून एक ओळ असू शकतो किंवा नुसता गंजाचा डाग. बास एवढंच.

हा धूसर पट्टा मला इतका का छळतो ते सांगते. अमेरिकेत १८९० साली मॅकिन्ली टॅरिफ कायदा झाला आणि १८९१ पासून तिथे येणाऱ्या परदेशी मालावर तो कुठल्या देशात बनला हे लिहिणं सक्तीचं झालं. शेफिल्डचा माल अमेरिकेत प्रचंड जायचा, त्यामुळे साधारण तेव्हापासून शिक्क्यात शेफिल्डच्या जोडीला इंग्लंड हा शब्द सर्रास दिसायला लागतो. हा काही ठाम पुरावा नाही, जो माल अमेरिकेत जायचाच नाही त्यावर तो शब्द नसूही शकतो, पण चाकूचं वय ठरवायला बसलं की पहिली चाळणी हीच लावतात. म्हणजे मी जे घासून काढलं ते नुसतं नाव नव्हतं, चाकूचा जन्मदाखला होता.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे, वस्तू हातात आली की आधी फोटो, मग बाकी सगळं. फडकंसुद्धा नंतर.

आणि शिक्के वाचायची एकदा चटक लागली की सुटत नाही हं. शेफिल्डमध्ये चाकू-कात्र्या बनवणाऱ्यांची कटलर्स कंपनी १६२४ साली स्थापन झाली, प्रत्येक कारागिराची खूण तिथे नोंदवली जायची. जोसेफ रॉजर्स या नावाच्या चाकूंवर जो चांदणी आणि माल्टीज क्रॉस दिसतो तो १६८२ पासूनचा आहे. शिक्क्यावर मुकुट आणि व्ही आर अशी अक्षरं असली तर तो व्हिक्टोरिया राणीच्या काळचा, म्हणजे १९०१ च्या आतला धरतात. आणि पात्यावर स्टेनलेस लिहिलेलं असेल तर विक्रेता कितीही शपथा घेऊ दे, तो चाकू एकोणिसाव्या शतकातला असूच शकत नाही, कारण हॅरी ब्रिअर्लीने शेफिल्डमध्ये ते पोलाद केलं तेच १९१३ साली. फ्रान्सच्या साव्होआ भागातल्या ओपिनेल चाकूंचं तर शिक्काही न बघता सांगता येतं, मुठीच्या टोकाला पातं अडकवून ठेवणारी धातूची फिरती कडी आली १९५५ मध्ये, ती नसेल आणि नंतर कुणी काढलेली नसेल तर चाकू त्याच्या आधीचा. नंतर काढलेली असेल तर लाकडावर तिची खोबण दिसते, आणि ही खोबण मला डोळ्यांनी कधी दिसली नव्हती, फोटो मोठा करून बघताना दिसली.

आता फोटोबद्दल, कारण माझा निम्म्याहून जास्त वेळ त्यातच जातो.

चाकूचा फोटो काढणं अवघड का, तर पातं हा आरसा असतो. लाकडाच्या वस्तूवर लाईट टाकला की वस्तू दिसते, पात्यावर लाईट टाकला की लाईट दिसतो, आणि बाकीचं पातं काळं पडतं कारण त्यात खोलीचा अंधार उमटलेला असतो. मी सुरुवातीचे कित्येक महिने लाईट वाढवत बसले होते. मग हळूहळू कळलं की वाढवायचं काहीच नाहीये, पात्यात काय उमटायला हवं ते ठरवायचं आणि ते त्याच्यासमोर धरायचं. मी ट्रेसिंग पेपरचा मोठा तुकडा पात्याच्या वरच्या बाजूला कमानीसारखा ताणून धरते आणि लाईट त्याच्या पलीकडे ठेवते, म्हणजे पात्यात दिसतो तो मोठा पांढरा मऊ कागद. पण नुसतं तेवढंच केलं तर पातं कागदाच्या तुकड्यासारखं सपाट दिसतं, म्हणून दुसऱ्या बाजूने एक काळा पुठ्ठा. पात्याला एकच पृष्ठभाग नसतो ना, पाठीकडून धारेकडे येताना दोन-तीन उतार असतात आणि प्रत्येक उतार वेगळ्या दिशेला बघत असतो, त्यामुळे पुठ्ठा बरोबर जागी आला की एक उतार पांढरा, दुसरा गडद, आणि मधली रेघ अशी लख्ख उमटते की कारागिराचा हात कुठे थोडा हलला तेही कळतं. हे सगळं एकदोन अंशांचं काम आहे. चाकूखाली खोडरबराचा तुकडा सरकवायचा, बघायचा, काढायचा, पुन्हा सरकवायचा. एकेका फोटोला माझा तास जातो आणि मला तो तास फार आवडतो.

पोलरायझिंग फिल्टर लावा म्हणजे चमक जाईल असं मलाही बऱ्याच जणांनी सांगितलं होतं, मी घेतलाही. लाकडी मुठीवर, शिंगावर, वॉर्निशवर त्याचा छान उपयोग होतो. उघड्या पोलादावर जवळपास काहीच नाही, कारण धातूवरून परतलेला उजेड तसा पोलराइझ होतच नाही, म्हणजे त्याची कंपनं एका दिशेत येत नाहीत. लाईटवरच पोलरायझरचा कागद लावला आणि लेन्सवरचा फिल्टर आडवा फिरवला तर चमक जाते खरी, पण मग पात्याचा जीवही जातो, ते शिसपेन्सिलीने रंगवल्यासारखं दिसतं. डाग आणि गंजाची नोंद ठेवायला ठीक आहे.

शिक्क्यांसाठी मात्र मऊ उजेड उपयोगाचा नाही, तिथे टॉर्च लागते, आणि तीही अगदी आडवी, पात्याला जवळजवळ टेकलेली, म्हणजे अक्षराच्या खोलगट कडेला सावली पडते. कॅमेरा स्टँडवर घट्ट, खोलीत अंधार, आणि टॉर्च घड्याळाच्या काट्यासारखी पात्याभोवती फिरवत प्रत्येक जागेवरून एक फोटो. बारा तर किमान, जमलं तर चोवीस. एका बाजूने उजेड आला की उभ्या रेघा उठतात, दुसरीकडून आला की आडव्या. ही काही माझी युक्ती नाही, एचपीच्या लॅबमधल्या टॉम माल्झबेंडर यांनी २००१ साली हे तंत्र मांडलं, त्यात असे सगळे फोटो कॉम्प्युटरवर एकत्र करून पडद्यावरच उजेड हवा तसा फिरवता येतो, आणि म्युझियमवाले झिजलेली नाणी आणि मातीच्या विटांवरचे लेख वाचायला ते वापरतात. मी नुसते फोटो एकामागून एक पळवत बघते, तेवढ्यानेही पुष्कळ दिसतं.

बाकी कॅमेऱ्याचं फार सांगण्यासारखं नाही. अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडायचं तो आकडा) आठ ते अकराच्या आसपास, बावीसवर नेलं तर सगळं फोकसमध्ये येईल असं वाटतं पण उलट चित्र मऊ पडतं. शेजारी सेंटीमीटरची पट्टी हवीच. आणि दोन्ही बाजू तर सगळेच काढतात, पण वरून पाठीचाही एक फोटो काढा, पातं मुळाशी किती जाड आहे आणि टोकाकडे कसं निमुळतं होत गेलंय ते फक्त तिथेच दिसतं. हाताने घडवलेलं जुनं पातं आणि पत्र्यातून कापलेलं नवं पातं यांच्यातला फरक मला बऱ्याचदा याच फोटोत पटकन कळतो.

वूट्झ पोलादाबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. दक्षिण भारतात मातीच्या मुशीत बंद करून वितळवलेलं हे पोलाद, कानडीतल्या उक्कू या शब्दावरून वूट्झ झालं असं मानतात, त्यात कार्बन साधारण दीड टक्का म्हणजे खूपच जास्त. ते हळूहळू थंड झालं आणि बेताच्या आचेवर पुन्हा पुन्हा ठोकलं की आत कार्बाइडचे (लोखंड आणि कार्बनच्या कडक संयुगाचे) बारीक कण ओळीत गोळा होतात, आणि पात्यावर सौम्य आम्ल फिरवलं की त्या ओळी उजळ आणि मधली जागा गडद दिसते. मराठीत आपण पात्याला पाणी देणं म्हणतो ते तापवून बुडवण्याला, पण वूट्झचं पातं हातात घेऊन कलतं केलं तर खरोखर पाणी हलल्यासारखं वाटतं. हल्ली दमास्कस म्हणून जे चाकू मिळतात त्यातले बहुतेक वेगळे, ते दोन प्रकारच्या पोलादाचे थर एकत्र ठोकून केलेले असतात, तीही मेहनतीची कला आहे, पण मॅक्रो लेन्सने जवळून बघितलं की थरांच्या रेघा सलग धावताना दिसतात आणि वूट्झमध्ये ठिपक्याठिपक्यांची रांगोळी दिसते. हेच वूट्झ कुणी बफिंग मशीनवर धरलं की सगळं पाणी नाहीसं. वर नुसता आरसा उरतो. आतली रचना जात नाही, जाणकार माणूस ते पुन्हा वर आणू शकतो, पण ते दोनशे वर्षांपूर्वी ज्याने आणलं होतं त्याचं नसतं.

सोन्याच्या कोफ्तगरी कामाचंही तसंच. त्यात पोलादावर आधी बारीक उभ्या-आडव्या चरा पाडतात आणि त्यावर सोन्याची तार ठोकून बसवतात. जिथे सोनं झिजून गेलंय तिथे त्या चरा उघड्या पडतात आणि आडव्या उजेडात त्यावरून पूर्ण नक्षी ओळखता येते, वेल कुठे वळत होती, फूल कुठे होतं. मला सोनं असलेल्या भागापेक्षा हा सोनं गेलेला भाग जास्त आवडतो. जुन्या तंजावरी कट्यारींची पातीही जवळून बघण्यासारखी असतात, त्यातल्या बऱ्याच कट्यारींना युरोपातून आलेली पाती बसवलेली आहेत, मूठ इथली आणि पातं समुद्रापलीकडून आलेलं, आणि ते जिथे रिव्हेटने जोडलंय त्या जागेचा एक चांगला फोटो म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकातल्या व्यापारावरचा एक धडाच आहे. नेपाळी खुकरीचा फोटो काढताना लोक फक्त मोठं वळणदार पातं काढतात आणि म्यानाच्या मागे खोचलेली दोन छोटी पाती, कर्दा आणि चकमक, राहून जातात. कर्दा बारीकसारीक कामाचा आणि चकमक बिनधारेची, मोठ्या धारेवर फिरवायला किंवा ठिणगी पाडायला. ती हरवलेली असतील तर तसं लिहून ठेवावं, असतील तर फोटोत आलीच पाहिजेत.

म्युझियममध्ये काचेतून फोटो काढताना लेन्सच्या तोंडावरचं रबरी हूड काचेला सरळ टेकवते, फ्लॅश बंद, म्हणजे मागच्या दिव्यांचं प्रतिबिंब येत नाही. ब्रिटिश म्युझियममधला टेम्स नदीत १८५७ साली सापडलेला बेग्नॉथचा सीक्स हा लांब एकधारी सुरा मला एकदा असा टिपायचाय, त्याच्या पात्यावर तांब्या-चांदीच्या तारांनी अठ्ठावीस अक्षरांची अख्खी रून वर्णमाला (उत्तर युरोपातली जुनी लिपी) बसवलेली आहे आणि शेजारी बेग्नॉथ हे नाव. इजिप्तचा राजा तूतनखामनच्या ममीवरचा लोखंडी खंजीर उल्केच्या लोखंडाचा आहे हे २०१६ साली क्ष-किरणांनी पक्कं झालं, त्यात निकेल जवळपास ११ टक्के सापडलं. वस्तूला ओरखडाही न काढता. तो कुणीतरी आधी चकाचक करून ठेवला असता तर काय, हा विचार माझ्या मनात येतोच.

साठवणुकीतही मी सुरुवातीला चुकले. चामड्याच्या म्यानात चाकू कायमचा ठेवायचा नाही, चामड्यातली रसायनं आणि ओल दोन्ही पात्याला खातात आणि पितळेवर हिरवा थर धरतो. म्यान शेजारी ठेवा. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठी, त्या शिंपल्यासारख्या किंवा कासवाच्या पाठीसारख्या दिसणाऱ्या, त्यांना तर वेगळी पेटीच हवी, कारण ते प्लास्टिक कुजायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि शेजारच्या चांगल्या चाकूंवर गंज चढतो. एका बंद खणात तीन पाती एकाच बाजूने गंजलेली दिसली आणि ती बाजू नेमकी एका सेल्युलॉइडच्या मुठीकडे होती तेव्हा मला हे समजलं. पात्याला मी ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेतून पुढे आलेलं ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण अगदी पातळ लावते, लाल गंज असेल तर थोडं तेल आणि तांब्याच्या नाण्याची कड, त्यापुढे काही नाही. करड्या पॅटिनाला, म्हणजे वयाने पात्यावर चढलेल्या थराला, हात लावत नाही. हस्तिदंती मुठीची वस्तू मी घेत नाही, जुनी असली तरी, त्या व्यापारात मला शिरायचंच नाहीये.

मागच्या महिन्यात त्या पहिल्या चाकूला पुन्हा काढलं. शिक्का ठोकताना धातू खोलवर दबतो, त्यामुळे घासल्यावरही तळ कुठेतरी उरलेला असू शकतो असं वाटलं. अंधार केला, टॉर्च अगदी आडवी धरली, चोवीस फोटो. तेविसाव्यात पात्याच्या कडेला एका अक्षराची कमान उठली, आणि मोठं करून बघितलं तर ती इंग्रजी डीची पाठ आहे हे नक्की. फक्त तेवढंच अक्षर, वरखाली काही नाही, त्यामुळे ते कितव्या ओळीतलं हे ठरवता येत नाही. शेफिल्डच्या शेवटी डी असतो. इंग्लंडच्याही.

आता दर पंधरा अंशांऐवजी दर पाच अंशांवर टॉर्च ठेवून पुन्हा काढतेय.