हीटर लावत नाही, मग हीटरचे पाईप कशाला बदलता?

नाशिकमध्ये गाडीचा हीटर लागतो किती, आणि त्याच्या पाईपांवर एवढा खर्च कशाला, असं मला सोसायटीच्या पार्किंगमध्ये नेहमी कोणीतरी विचारतं. आता तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तरच सांगतो.

मुळात ते पाईप नुसते हीटरचे नाहीतच हो. इंजिनातलं गरम कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, डॅशबोर्डमागच्या हीटर कोरमधून, म्हणजे हवा गरम करणाऱ्या जाळीतून फिरून परत इंजिनात येतं, त्याची जायची-यायची वाट म्हणजे हे दोन पाईप. आणि बऱ्याच गाड्यांत नॉब थंडवर ठेवला तरी आतली फक्त हवेची फ्लॅप फिरते, कूलंट वाहतच असतं. म्हणजे मे महिन्यात एसी लावून तुम्ही कसारा घाट चढताय तेव्हाही त्या पाईपांत ९० अंशांच्या आसपासचं कूलंट असतं, तेही १ बारच्या आसपासच्या प्रेशरखाली. पाईप फाटला की प्रेशर गेलं, कूलंट उकळून रस्त्यावर, आणि तशीच गाडी दामटली तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील जातं. त्यात टेंपरेचरच्या काट्यावर विसंबू नका, कूलंट पूर्ण गेलं की सेन्सरला गरम पाणी लागतच नाही, मग इंजिन तापलेलं असूनही काटा खाली दिसू शकतो.

बघायचं कसं? गाडी एकदम गार असताना क्लिपजवळचा पाईप चिमटीत दाबा, मग मधला भाग दाबा. टोकाशी मऊ पडलाय किंवा आतून कुरकुर जाणवते, तर रबर आतून तडकलंय, बाहेरून कितीही काळाभोर चकचकीत दिसू दे. ऑइल गळून पाईप फुगला असेल तरी बदलाच. आणि गाडीत गोडसर वास, पुढे पायाखालचं कार्पेट ओलं, काचेवर चिकट धुकं असेल तर पाईप नाही, कोरच गळत असण्याची शक्यता जास्त.

बदलताना सगळ्यात जपायचं ते कोरच्या नळ्यांना. जुना पाईप तिथे चिकटून बसलेला असतो आणि मेकॅनिक घाईत पान्याने पिळतो, नळी वाकली की डॅशबोर्ड खोलायची वेळ येते, म्हणून मी सरळ सांगतो की ब्लेडने उभा चिरा आणि सोलून काढा, हात हलका ठेवा, नळीला ओरखडा नको. जुना पाईप तसाही फेकायचाच आहे. नवा पाईप त्याच मापाचा आणि कूलंटसाठीचाच घ्या, पेट्रोलचा किंवा पाण्याचा साधा पाईप चालत नाही. क्लिप नळीच्या टोकाजवळच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, आणि स्क्रूची क्लिप इतकी आवळू नका की रबर कापलं जाईल.

"त्यापेक्षा दोन्ही पाईप एकमेकांना जोडून कोर वगळतो, बायपास मारून देतो" असंही गॅरेजवाले सांगतात. मला ते अजिबात पटत नाही. एकतर निफाडच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत पहाटे निघून बघा, हीटर लागतो. इगतपुरीच्या पावसात काच धुरकटते तेव्हा एसीसोबत थोडी गरम हवा सोडली की लवकर साफ होते. आणि घाटात काटा चढायला लागला तर हीटर फुल गरम आणि ब्लोअर फुल, खिडक्या उघड्या, कारण हीटर कोर म्हणजे छोटा रेडिएटरच, इंजिनाची उष्णता तिकडूनही बाहेर जाते. आपण घामाघूम होतो, पण गाडी बाजूला घेईपर्यंत इंजिन वाचू शकतं. ही सोय हाताने का घालवायची?

शेवटी हवा काढायला विसरू नका. गार इंजिनात, कंपनीने सांगितलेलं कूलंट भरून, नॉब फुल गरमवर ठेवून गाडी चालू करा. डॅशबोर्डमागे गुळगुळ आवाज येतोय म्हणजे हवा अडकलीय. दोन्ही पाईप गरम लागले पाहिजेत, एकच गरम असेल तर कूलंट फिरत नाहीये. दुसऱ्या दिवशी सकाळी गार असताना लेव्हल परत बघा. आणि काढलेलं जुनं कूलंट उघड्यावर ठेवू नका, गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि ते त्यांच्यासाठी जीवघेणं विष आहे.