मुलाबाळांसह मॉरिशसला: कात्र बोर्नमधलं आमचं बिऱ्हाड

मॉरिशसमध्ये घर कुठे घ्यायचं हे उंची पाहून ठरवतात. बेट लहान आहे, जेमतेम दोन हजार चौरस किलोमीटरचं, पण मधोमध पठार उठलंय. त्यावरचं क्युरपीप गाव साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. तिथं बाराही महिने भुरभुर पाऊस, भिंतींना ओल, आणि जुलै-ऑगस्टमध्ये अंगात स्वेटर. पश्चिम किनाऱ्यावर त्याच दिवशी रखरखीत ऊन असतं. मधल्या उतारावर कात्र बोर्न, वाक्वा, रोझ हिल ही गावं एकमेकांना चिकटून बसली आहेत आणि नोकरदार माणसं बहुतेक तिथंच राहतात.

नवऱ्याची नोकरी शेजारच्या एबेनला, म्हणून आम्ही कात्र बोर्न निवडलं. कोर द गार्द डोंगराच्या पायथ्याशी, वर गच्ची असलेलं सिमेंटचं घर. मेट्रो चालत गाठता येते आणि भाजीबाजारही जवळ. समुद्र गाडीनं अर्ध्या तासाच्या आत. लहान मुलं घेऊन येणाऱ्यांना मी हेच सांगते की समुद्र रविवारपुरता पुरे आहे. रोज लागतात शाळा, दवाखाना आणि शेजार.

मुलांसाठी सगळ्यात मोठी गोष्ट होती भाषा. शाळेत पुस्तकं इंग्रजीतून, वर्तमानपत्रं फ्रेंचमधून, आणि पटांगणात, दुकानात, बसमध्ये क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली इथली बोली. आमची थोरली सात वर्षांची, धाकटा तीन. इथलं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं, त्यामुळे पुण्यात दुसरी अर्धी झालेली असताना थोरलीनं इथं नवा वर्ग सुरू केला. तिला इंग्रजी येत होतं, ती तरली. धाकटा मात्र बालवाडीत गप्प झाला. घरी बडबड्या, तिथं तोंड मिटून खिडकीशी बसायचा. मला रात्री झोप लागत नसे. त्याच्या बाईंनी अजिबात घाई केली नाही. त्याला रोज पाणी घालायला एक कुंडी दिली आणि बोलण्याचा आग्रह सोडून दिला. मग एका संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन तो म्हणाला, "मो ले दिलो." पाणी हवं होतं त्याला. मी पेला भरून दिला आणि पाठ फिरवून डोळे पुसले.

आता तो शेजारच्या मुलांत क्रिओलमध्येच भांडतो.

हवामानाचं चक्र आपल्या उलट आहे. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, आणि तोच चक्रीवादळांचा मोसम. इशाऱ्याचे एक ते चार असे वर्ग असतात. दोन नंबर लागला की शाळा बंद. तीन नंबर लागला की सगळ्यांनी घरात. चार म्हणजे ताशी 120 किलोमीटरचे झोत प्रत्यक्ष सुरू झालेत. इथल्या लहान पोरांनाही हे तोंडपाठ असतं. आमच्या शेजारच्या आजींच्या आठवणीत 1960 चं कॅरल वादळ आहे. त्या फेब्रुवारीत ताशी 256 किलोमीटरचे झोत नोंदले गेले आणि लाकडा-पत्र्याची घरं गावंच्या गावं आडवी झाली. आज बेटभर दिसणाऱ्या सिमेंटच्या चौकोनी घरांमागे ती आठवण आहे. जानेवारी 2024 मध्ये बेलाल वादळ आलं तेव्हा राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या पाण्यात वाहत गेल्या होत्या. आम्ही आल्यानंतरच्या पहिल्या इशाऱ्याला आजींनीच सगळं करून घेतलं. बादल्या, पिंप भरून ठेवायचं, गच्चीवरच्या कुंड्या आत घ्यायच्या, मेणबत्त्या, रेडिओचे सेल, दोन दिवसांचा पाव, आणि मुलांना आधीच पोटभर जेवू घालायचं, कारण वारा घुमायला लागला की ती जेवत नाहीत. शेवटचं कुठल्याही सरकारी पत्रकात नाही. आणि अगदी तसंच झालं.

समुद्राबद्दल थोडक्यात. बेटाला जवळजवळ सगळीकडून प्रवाळाची कड आहे, म्हणून आतलं पाणी शांत आणि उथळ असतं, मुलांसाठी उत्तम. दक्षिणेला ग्री-ग्रीला ही कड तुटते. तिथं लाटा थेट कड्यावर आपटतात, पाण्यात उतरायचं नाही. तळाला समुद्री साळिंदरं असतात आणि दगडासारखा दिसणारा एक विषारी मासाही, त्यामुळे मुलांच्या पायांत पाण्यातले बूट हवेतच. फ्लिक आँ फ्लाकला रविवारी सुरूच्या झाडांखाली कुटुंबंच्या कुटुंबं पातेली घेऊन उतरतात. बिर्याणी, ढोलक, गप्पा, सेगा या इथल्या लोकसंगीताचा ठेका. मुलं कुणाच्याही चटईवर जेवतात आणि कुणालाही त्याचं काही वाटत नाही.

खाण्याचे हाल होत नाहीत. डाळ भरलेली ढोल पुरी, बिनगोडाची पुरणपोळीच म्हणा, रस्त्यावर जोडीनं मिळते, आत पावट्याची आमटी आणि चटणी घालून. कढीपत्ता, भेंडी, वांगी, दुधी, पालेभाज्या सगळं बाजारात. ताजं दूध मात्र विसरायचं. बेटावर गुरं फार थोडी, सगळा कारभार दुधाच्या आयात भुकटीवर. धाकट्याला ती चव अंगवळणी पडायला वेळ लागला. त्याच भुकटीचं दही मी लावते, ते छान लागतं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

शेजारच्या आजी मराठी आहेत. त्यांचे पणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर करारानं आले. आजींना मराठी बोलता येत नाही, पण 'सुखकर्ता दुखहर्ता' अख्खी पाठ आहे. त्यांची नात सरकारी प्राथमिक शाळेत मराठी हा विषय घेते. हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दू, क्रिओल यांच्याबरोबर मराठीही तिथं निवडता येते. संध्याकाळी ती नात आणि आमची थोरली आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसतात. आमची तिला काना-मात्रा दाखवते, ती आमच्या पोरीला क्रिओल गाणी शिकवते. पुण्यात असताना मराठी हा तिच्यासाठी घरकामाचा कंटाळवाणा तास होता. इथं ते तिला दुसऱ्याला देण्यासारखं काही वाटतं.

गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्ये राष्ट्रीय सुट्टी असते. ती येते आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, विसर्जनाला. 1896 पासून इथं गणपती बसतो. आमच्या पहिल्या वर्षी आजींच्या नातेवाइकांकडे गेलो. अंगणात मांडव, मूर्ती घरीच केलेली, नऊवारी नेसलेल्या बायका. मग पुरुषांनी फेर धरला, मध्ये ढोलकी नि झांजा, आणि पाय पडू लागले. माझं माहेर गुहागरचं. मी लहानपणी आमच्या वाडीत, भाद्रपदाच्या चिखलात, हाच जाखडीचा फेर पाहिलाय. इथं त्याला झाकरी म्हणतात. शब्दांचे उच्चार झिजलेत, मधल्या ओळींचा अर्थ गाणाऱ्यांनाही सांगता येत नाही, पण पाऊल तेच, गिरकी तीच. मला गाणं येत होतं. मी मागून म्हणायला लागले तसे ते थांबले नाहीत, फक्त आवाज वाढवला. थोरली फेरात कधी शिरली मला कळलंच नाही.

त्यानंतर आम्ही मुलांना पोर्ट लुईला आप्रवासी घाटावर नेलं. 2 नोव्हेंबर 1834 ला ॲटलस जहाजातून भारतातले 36 मजूर उतरले. पुढे 1920 पर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसं या बेटावर आली. 2006 मध्ये युनेस्कोनं या घाटाला जागतिक वारशात घेतलं. बंदरापासून वर जाणाऱ्या काळ्या दगडाच्या 16 पायऱ्या अजून आहेत. धाकट्यानं त्या मोजल्या. थोरलीनं विचारलं, त्यांच्याबरोबर मुलं होती का? होती. मोका या गावातल्या महात्मा गांधी संस्थेत त्या काळच्या नोंदवह्या जपल्या आहेत, पुढच्या काळातल्या नोंदींना छायाचित्रंही आहेत. अनेकांच्या नावापुढे आडनाव नव्हतं, म्हणून आज कुणाचं आडनाव गणू आहे, कुणाचं भिवाजी. कुणाच्या तरी पणजोबांचं पाळण्यातलं नाव. आम्ही विमानानं, परवाने हातात घेऊन, भरपूर सामानासह आलो. त्या माणसांच्या मागे परतीचा भरवसा नव्हता, आणि तरी त्यांनी आरती पाठ ठेवली. माझ्या मुलांना या बेटावर जो आपलेपणा आयता मिळाला तो त्यांनी जपलेला आहे, हे मला मुलांना ती मोठी होता होता सांगत राहायचंय.

येणाऱ्यांसाठी कामाचं थोडं. मुलांचे जन्मदाखले परदेशात चालण्यासाठी सरकारी शिक्का मारून आणा, लसीकरणाची कार्डं हाताशी ठेवा. तीन पिनांचे इंग्रजी आणि दोन पिनांचे फ्रेंच, दोन्ही प्लग लागतात. भारताशी दीड तासाचा फरक असल्यामुळे आमचे सहा म्हणजे आजी-आजोबांचे साडेसात, जेवणाआधीच्या गप्पांना सोयीचं. मुंबईहून विमान साधारण सहा तासांचं.

आई-बाबा यंदा येतायत. बाबांना लीची खायची आहे, ती डिसेंबरात पिकते, म्हणून तेव्हाचीच तिकिटं काढली. वादळाचा मोसम असला तरी शाळेला सुट्टी असते, मुलं दिवसभर त्यांच्या हाती देता येतील. आजींनी आईकडून उकडीचे मोदक शिकायचं आतापासून ठरवलंय. तांदळाची पिठी आईच आणणार आहे.