पाहिलं, पण कसं?

बांधकामावर परांचीवरून एक कामगार कोसळून जबर जखमी झाला होता. त्या अपघाताच्या चौकशीत मी दुभाषी म्हणून बसले होते. शेजारी काम करणाऱ्या गवंड्याचा जबाब मराठीत नोंदवलेला, त्याचं इंग्रजी आधीच कुणीतरी करून ठेवलेलं. चौकशी अधिकाऱ्यांना मराठी येत नव्हतं. त्यांनी कागद वाचून पहिलाच प्रश्न टाकला, "तो पडेपर्यंत तुम्ही नुसते पाहत राहिलात? आवाज का नाही दिला?"

गवंडी गोरामोरा झाला. "मी कुठं पाहत राहिलो, मॅडम?"

जबाबात होतं, 'मी त्याला पडताना पाहिलं.' इंग्रजीत झालं होतं, 'आय वॉच्ड हिम फॉल.' व्याकरणाला धरून वाक्य बिनचूक. पण हलत्या, बदलत्या गोष्टीवर काही वेळ मुद्दाम नजर ठेवली, तर ते वॉच. मॅच वॉच करतात, रांगणाऱ्या बाळाला वॉच करतात. सोबतीला कोसळताना वॉच केलं म्हटलं, की सांगणारा दगडाच्या काळजाचा ठरतो. साक्षीदार जे बोललाच नाही, ते भाषांतराने त्याच्या तोंडी घालावं, याचा मला फार त्रास होतो.

परवानगी घेऊन मी गवंड्याला सगळं क्रमाने सांगायला लावलं. त्याने हातानेच दाखवलं. "वाकून माल कालवत होतो. ओरडणं ऐकलं, मान वर केली, तर तो खाली येताना दिसला."

दिसला! आपलं 'पाहणं' इंग्रजीतल्या सी, लुक, वॉच या तिन्हींसाठी चालतं, 'दिसणं' तसं नाही. समोर आलं आणि डोळ्यांना कळलं, ते सी. मान वर करणं, नजर वळवणं हे लुक. लुक करूनही काही सी न होणं इंग्रजीत अगदी सरळ आहे. शोधत असलेली किल्ली समोर असून दिसत नाही, तेव्हा नेमकं हेच होतं. आणि कशाकडे पाहिलं ते सांगायचं, तर लुकला ॲट लागतोच. नवशिके तो हमखास गाळतात.

तरी अर्धंच काम झालं होतं. 'सॉ हिम फॉल' म्हटलं, तर पाय सटकल्यापासून जमिनीवर आपटेपर्यंत सगळं पाहिलं असा अर्थ होतो. 'सॉ हिम फॉलिंग'मध्ये मधला तुकडा पाहिला तरी पुरतं. चौकशी अडली होती ती कामगाराच्या सुरक्षा पट्ट्याचा हूक अडकवलेला होता का यावर, आणि पाय सटकला तो क्षण गवंड्याने पाहिलेलाच नव्हता. दुरुस्त ओळ अशी झाली: 'आय हर्ड अ शाउट, लुक्ड अप अँड सॉ हिम फॉलिंग.' मी ती मराठीत समजावून सांगितली, मग गवंड्याने सही केली.

दुपारी मुकादम आले. म्हणाले, "मी त्यांच्याकडेच बघत होतो." याचं शब्दशः 'आय वॉज सीइंग देम' करून चालत नाही, त्यातून भेटीगाठी, अगदी प्रेमसंबंधसुद्धा ध्वनित होतात. अधिकाऱ्यांना विचारून मी खुलासा मागितला, "सहज नजर गेली होती, की लक्ष ठेवून होतात?"

"लक्ष ठेवून होतो. तेच तर माझं काम."

इथे मात्र 'वॉज वॉचिंग देम' हेच बरोबर होतं. मी तसंच सांगितलं, आणि हुकाबद्दलचे पुढचे सगळे प्रश्न मुकादमांना विचारले गेले.