जायंट्स हरले, जाब कुणाला विचारायचा?

१० नोव्हेंबर २०२५ ला, सोमवारी, न्यूयॉर्क जायंट्स या अमेरिकन फुटबॉल संघाने आपले हेड कोच ब्रायन डेबल यांना नारळ दिला. आदल्या दिवशी शिकागोत बेअर्सविरुद्ध चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्ये २०-१० अशी आघाडी होती, आणि तरी सामना २४-२० असा हातचा गेला. मोसमातल्या दहा सामन्यांपैकी आठ हरून झाले होते. डेबल यांचा हा चौथा मोसम. एकूण हिशेब २० विजय, ४० पराभव आणि १ बरोबरी.

जायंट्स नावाला न्यूयॉर्कचे, खेळतात मात्र आमच्या न्यू जर्सीत, ईस्ट रदरफर्डच्या मेटलाइफ स्टेडियममध्ये. एडिसनच्या आसपास वाढलेली आपली मराठी मुलं क्रिकेट बघतात ती आईवडिलांसोबत, पण शाळेच्या बसमध्ये वाद घालतात ते अमेरिकन फुटबॉलवर. माझ्या घरातही तेच झालं आणि मुलांच्या मागोमाग मीही या निळ्या जर्सीच्या नादी लागलो. त्यामुळे हे लिहिताना मी तटस्थ नाही. मला या संघाच्या हरण्याचा त्रास होतो, आणि त्याहून जास्त त्रास त्या हरण्याचं खापर ज्या सवयीने फोडलं जातं त्याचा होतो.

भारतात बसून वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये ३२ संघ आहेत आणि मोसमात प्रत्येकाला फक्त १७ साखळी सामने मिळतात, आठवड्याला एक. त्यामुळे एकेक पराभव आठवडाभर पुरतो. क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमणाच्या वेळी जवळजवळ प्रत्येक चाल ज्याच्या हातून सुरू होते तो खेळाडू. मैदानावर एका बाजूचे ११ जण असतात, पण विजय-पराजयाची नोंद ज्याच्या वैयक्तिक नावापुढे लागते असा खेळाडू हा एकच. कोचच्या नावापुढेही तशीच नोंद. सामना संपला की मायक्रोफोनपुढे येऊन उत्तरं द्यायची तीही मुख्यतः याच दोघांनी. साहजिकच सोमवारी सकाळी डब्ल्यूएफएएन या क्रीडा रेडिओवर फोन करणारे लोक यांचीच नावं घेतात. यांना काढा, मग बघू, असा एकंदर सूर.

डेबल आले तेव्हाचा काळ वेगळा होता. ११ सप्टेंबर २०२२, टेनेसीत पहिलाच सामना. शेवटच्या मिनिटांत १९-२० अशी स्थिती. एका गुणाची सोपी किक मारून बरोबरी साधता आली असती. डेबल यांनी दोन गुणांची जोखमीची चाल लावली, संघाचा मुख्य धावणारा खेळाडू सेक्वॉन बार्कली चेंडू घेऊन आत घुसला आणि जायंट्स २१-२० जिंकले. त्याच सामन्यात क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सने प्रतिस्पर्ध्याच्या हातात चेंडू फेकला होता, आणि डेबल सीमारेषेवर त्याच्यावर चांगलेच कडाडले होते. सगळे म्हणाले, वा, शेवटी शिस्त लावणारा माणूस मिळाला! त्या वर्षी संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीत गेला, मिनेसोटाला त्यांच्याच मैदानावर ३१-२४ हरवलं, जोन्सने त्या सामन्यात ३०१ यार्ड फेक आणि ७८ यार्ड धाव काढली. डेबल वर्षातले सर्वोत्तम कोच ठरले.

पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर २०२३ ला, सिअ‍ॅटलविरुद्ध जोन्सचा चेंडू पुन्हा अडवला गेला आणि प्रतिस्पर्धी तो ९७ यार्ड पळवत घेऊन गेला. डेबल यांनी त्याच्यासमोर टॅब्लेट भिरकावला. या वेळी लोक म्हणाले, कोचचा स्वतःवर ताबा नाही. माणूस तोच, राग तोच, बदलला होता फक्त स्कोअरबोर्ड. आणि त्या रात्रीची खरी गोष्ट त्या टॅब्लेटखाली दडून गेली. जोन्सला त्या एका सामन्यात दहा वेळा, चेंडू फेकण्याआधीच, मागच्या मागे पाडलं होतं. संपूर्ण मोसमात जायंट्सचे क्वार्टरबॅक मिळून ८५ वेळा असे पाडले गेले. समोरची भिंत, म्हणजे त्याला वाचवणारे खेळाडू, पडत असताना मागच्या माणसाला विचारायचं की बाबा, तू उभा का राहिला नाहीस? असा जाब मला पटत नाही.

जोन्सची बाजू मी डोळे झाकून घेत नाही. जायंट्ससाठी सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यांत त्याचे २४ विजय, ४४ पराभव आणि १ बरोबरी. चालू सामन्यात त्याने घेतलेले काही निर्णय बघवत नसत. मार्च २०२३ मध्ये त्याला चार वर्षांचा १६ कोटी डॉलरचा करार मिळाला. वर्षाला ४ कोटी डॉलर घेणाऱ्याला कडक प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण त्या करारावर दोन सह्या असतात. त्या वर्षी एका संघाला सगळ्या खेळाडूंवर मिळून साधारण साडेबावीस कोटी डॉलरच खर्च करायची मुभा होती. त्याला सॅलरी कॅप म्हणतात, आयपीएलच्या लिलावात असते तशीच मर्यादा. एकाला इतकं दिलं की दुसऱ्याला कमी पडणार. तो दुसरा होता बार्कली. एका वर्षाने त्याला जाऊ दिलं आणि तो गेला थेट फिलाडेल्फियाला, जायंट्सच्या जुन्या वैऱ्याकडे. २०२४ च्या मोसमात तिथे तो २,००५ यार्ड धावला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगची अंतिम लढत जिंकला.

हा निर्णय क्वार्टरबॅकचा नव्हता आणि एकट्या कोचचाही नव्हता. जनरल मॅनेजर जो शेन आणि मालक जॉन मॅरा यांच्या टेबलावर तो झाला. एचबीओ या टीव्ही वाहिनीच्या कॅमेऱ्यांनी २०२४ मध्ये संघाच्या कार्यालयात चित्रीकरण केलं होतं, त्यामुळे हे सगळ्यांनी पाहिलं. बार्कली फिलाडेल्फियाला गेला तर मला झोप लागणं कठीण जाईल, असं मॅरा शेनना सांगत होते. मालकाला कळत होतं, मालकाच्या हातात होतं, आणि तरी ते घडलं. मला हा प्रसंग आजही खटकतो. आपल्याकडे कसोटी मालिका हरली तर कर्णधाराबरोबर निवड समितीलाही लोक धारेवर धरतात. इथे मात्र निवड करणारा माणूस मोसमात मोजक्या वेळा बोलतो, आणि निवडला गेलेला दर आठवड्याला.

मग २०२४ आलं. चाली ठरवायचं काम डेबल यांनी सहायक कोच माईक काफ्कांकडून काढून स्वतःकडे घेतलं. माझ्या मते इथपासून त्यांना जाब विचारणं शंभर टक्के रास्त होतं, कारण आता दोर त्यांच्याच हातात होता. सामन्यामागे जेमतेम १६ गुण निघाले. १७ पैकी ३ विजय, आणि मधे सलग दहा पराभव, संघाच्या इतिहासातली सगळ्यात लांब पराभवाची मालिका. १० नोव्हेंबरला म्युनिकमध्ये कॅरोलायनाकडून हरल्यावर जोन्सला बाहेर बसवलं. तेही कसं, क्वार्टरबॅकच्या यादीत थेट चौथ्या क्रमांकावर. कारण उघड होतं. खेळताना त्याला मोठी दुखापत झाली असती तर पुढच्या वर्षीचे २ कोटी ३० लाख डॉलर संघाला द्यावेच लागले असते. संघाचा कर्णधार सरावात दुसऱ्यांसाठी बचावपटू म्हणून उभा राहिला. काही दिवसांत त्याने पत्रकारांसमोर एक शांत निवेदन वाचलं, मुक्त करण्याची विनंती केली आणि २२ नोव्हेंबरला तो सुटला. ज्याने सहा वर्षं मार खाल्ला त्याला निरोप द्यायची ही रीत नव्हे.

डिसेंबरमध्ये प्रेक्षकांनी वर्गणी काढून स्टेडियमवर विमानं फिरवली, मागे फलक बांधलेला, मॅरांना उद्देशून. ती मला त्या मोसमातली सर्वात नेमकी टीका वाटली. रोख बरोबर होता. आमच्या शेजारी राहणारे एक वयस्कर गृहस्थ वडिलांच्या काळापासून जायंट्सचे सीझन तिकीटधारक आहेत. २०१० मध्ये मेटलाइफ उघडलं तेव्हा तिकिटाच्या आधी खुर्चीचा हक्क विकत घ्यावा लागला, जागेप्रमाणे १,००० ते २०,००० डॉलर. तिकिटाचे पैसे वेगळे, दर वर्षी. ते मला म्हणाले, ‘‘मी रागावून उठलो तर माझे पैसे बुडतात. त्यांचं काय बुडतं?’’

मी शोधलं, तर खरंच फार काही बुडत नाही. टीव्हीच्या राष्ट्रीय हक्कांचे पैसे ३२ संघांत सारखे वाटले जातात, जिंका किंवा हरा. खालच्या वर्गात ढकललं जाण्याची भीती या लीगमध्ये नाही. उलट तळाला राहणाऱ्याला पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, चांगला क्रमांक मिळतो. २०२४ मध्ये शेवटून दुसऱ्या सामन्यात जायंट्सनी इंडियानापोलिसच्या कोल्ट्सना ४५-३३ हरवलं तेव्हा माझ्या ओळखीतले कट्टर चाहते हळहळले, कारण त्या विजयाने पहिला क्रमांक हुकला. आणि २०२५ मध्ये संघाचा छोटा हिस्सा विकला गेला तेव्हा संपूर्ण संघाची किंमत १० अब्ज डॉलरच्या वर धरली होती. इतक्या पराभवांनंतर! मॅरांच्या आजोबांनी १९२५ मध्ये संघ काढला. घराण्याचं या खेळावरचं प्रेम खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण ज्याला हरण्याची किंमत मोजावी लागत नाही, त्याला प्रश्न तरी जास्त विचारले गेले पाहिजेत. जानेवारी २०२५ मध्ये आपला संयम जवळजवळ संपला आहे असं त्यांनी पत्रकारांना सांगितलं, आणि डेबल व शेन दोघांनाही ठेवलं. नोव्हेंबरमध्ये डेबल गेले. शेन राहिले, आणि नवा कोच शोधायचं कामही त्यांच्याकडेच दिलं गेलं.

जोन्सचं पुढे काय झालं? ज्या रविवारी डेबल शिकागोत हरले त्याच रविवारी जोन्सने बर्लिनमध्ये आपल्या नव्या संघाला, कोल्ट्सना, जिंकून दिलं. त्यांचे दहापैकी आठ विजय झाले होते. डिसेंबरमध्ये पायाच्या दुखापतीने त्याचा मोसम संपला हे दुर्दैव. पण तो अगदीच कुचकामी होता, हे न्यू जर्सीतलं मत तेवढ्या दहा आठवड्यांत टिकलं नाही.

आता जायंट्सचा नवा क्वार्टरबॅक जॅक्सन डार्टबद्दल, कारण माझा खरा राग इथे आहे. तेव्हा २२ वर्षांचा मुलगा, २०२५ च्या ड्राफ्टमध्ये २५ व्या क्रमांकावर घेतलेला. पहिले तीन सामने हरल्यावर अनुभवी क्वार्टरबॅक रसेल विल्सनला बसवून त्याला उभं केलं आणि संघात जीव आला. ऑक्टोबरमध्ये डेन्व्हरला चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला १९-० अशी आघाडी होती. बचावाने त्या एका क्वार्टरमध्ये ३३ गुण दिले आणि सामना ३३-३२ असा गेला. ३२ गुण काढून देणाऱ्या नवख्याला याचा जाब कोण विचारणार?

पण डेबल यांची खुर्ची हलत होती, जिंकणं भाग होतं, आणि डार्ट चेंडू घेऊन पळतो चांगला. म्हणून त्याला पळवलं, पुन्हा पुन्हा, मोठ्या धिप्पाड बचावपटूंच्या अंगावर. ९ ऑक्टोबरला फिलाडेल्फियाविरुद्ध त्याच्या डोक्याला मार लागल्याच्या शंकेने त्याला सीमारेषेवरच्या निळ्या तंबूत नेलं. आत डॉक्टर तपासत असताना डेबल तिथे पोचले आणि वैद्यकीय पथकावर चिडले. नंतर त्यांनी डॉक्टरांची माफी मागितली, लीगने दंडही केला. डार्ट त्या दिवशी तपासणीतून सुटला. बरोबर एक महिन्याने, शिकागोत, चेंडू घेऊन पळताना त्याला कन्कशन, म्हणजे मेंदूला धक्का, झालंच.

दुसऱ्या दिवशी डेबल यांना काढलं तेव्हा सगळीकडे आकडे होते, कुठल्या सामन्यात किती गुणांची आघाडी घालवली याचे. तंबूचा उल्लेख आला तर ओझरता. माझ्यापुढे मायक्रोफोन असता तर डेबल यांना मी पराभवांबद्दल विचारलं नसतं. इतका मार लागूनही या मुलाला पळवायच्या चाली कुणाच्या संमतीने चालू राहिल्या, हे विचारलं असतं. आणि मग तोच प्रश्न घेऊन शेन आणि मॅरा यांच्याकडे गेलो असतो.