गाडी घाटातच का तापते?

2023 च्या मे महिन्यात, भर दुपारी दीड वाजता, खंबाटकी घाटाच्या ऐन मध्यात आमच्या गाडीनं मान टाकली. पुण्यातलं मावसभावाचं लग्न उरकून आम्ही सांगलीला परतत होतो. गाडीत पाच माणसं, डिकीत आहेराच्या पिशव्या, एसी चालू. पुढं सिमेंटचा ट्रेलर आणि त्याच्या मागं आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये. एरवी अर्ध्यावर मुक्काम ठोकून असलेला टेम्परेचरचा काटा हळूहळू वर सरकायला लागला. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, न बोलता एसी बंद केला. पुढच्या वळणावर काटा लाल पट्टीत गेला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली.

गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. हाताला रुमाल गुंडाळून मी रेडिएटरचं टोपण फिरवणार, तेवढ्यात मागं थांबलेल्या ट्रकचा ड्रायव्हर ओरडला, "ओ पावणं, टोपान सोडा आधी! तोंड भाजून घ्याल."

त्या माणसाचे उपकार किती मोठे होते ते मला नंतर समजलं. आमच्या टोपणावर 0.9 असा आकडा कोरलेला आहे, म्हणजे 0.9 बार. तेवढा जादा दाब ते आत धरून ठेवतं, त्यामुळं पाणी शंभरला न उकळता 118 अंशांच्या आसपास उकळतं. गरम गाडीचं टोपण उघडलं की दाब एकदम जातो आणि आतल्या शंभरच्या वर तापलेल्या पाण्याचा फवारा थेट अंगावर येतो.

ड्रायव्हरनं बॉनेटकडं एक नजर टाकली आणि विचारलं, "गाडी गर्दीत तापती, का चढाला?"

"चढाला. गावात कधीच नाही."

"मग फ्यान बघत बसू नका," एवढं बोलून तो ट्रककडं वळला.

हे वाक्य मी तेव्हा डोक्यात ठेवलं असतं तर पुढचे दोन महिने आणि बरेच पैसे वाचले असते. पण भर उन्हात, मागं आई आणि मावशी पदरानं वारा घेत असताना, कसलं काय डोक्यात राहणार. पाऊण तास थांबलो. टोपण हाताला सोसेल इतकं गार झाल्यावर प्यायच्या पाण्याच्या तीन बाटल्या आत रिचवल्या. उरलेला घाट हीटर पूर्ण चालू ठेवून चढलो. हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या आतला छोटा रेडिएटरच, तो इंजिनची थोडी उष्णता केबिनमध्ये ओढून घेतो. काटा खाली आला, पण मे महिन्यात हीटर लावून बसणं काय असतं ते मावशीला विचारा. तिनं अजून माफ केलेलं नाही.

सांगलीत आल्यावर गाडी पहिल्या गॅरेजला दिली. तिथल्या मिस्त्रीनं सगळं ऐकायच्या आधीच निदान केलं, "थर्मोस्टॅट वॉल चिकटलाय." हा वॉल म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवून धरणारी झडप. संध्याकाळी त्यानं वॉल काढून माझ्या हातात दिला. "आता वॉलच नाही म्हटल्यावर तापणार कशी?" त्याचं हे तर्कशास्त्र मला पटलंही. पुढच्या रविवारी पन्हाळ्याला गेलो आणि वर पोचेपर्यंत काटा पुन्हा तीन चतुर्थांशावर.

मी पतसंस्थेत हिशेब बघतो. ताळेबंदात फरक आला की एकेक नोंद टिक करत जायची, हाच माझा धंदा. गाडीलाही तेच लावायचं ठरवलं. वॉल काढूनही गाडी तापते, मग तो खरंच खराब होता का? सुरुवात तिथून केली.

बायको शाळेत विज्ञान शिकवते. तिनं प्रयोगशाळेतला 110 अंशांपर्यंतचा थर्मामीटर आणला. आईचं जुनं पातेलं घेतलं (नवं घेतलं असतं तर हा लेख दवाखान्यातून लिहावा लागला असता), त्यात पाणी, आणि पाण्यात दोऱ्यानं वॉल असा टांगला की बुडाला टेकू नये. वॉलवर 82 हा आकडा होता. गॅस बारीक ठेवून आम्ही दोघं पातेल्यावर वाकून उभे. सत्तरला काही नाही. ऐंशीला काही नाही. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीला मधल्या चकतीच्या कडेला केसाएवढी फट दिसली. मग चकती उचलत गेली आणि पाण्याला उकळी फुटेपर्यंत पूर्ण उघडली. गार पाण्यात टाकल्यावर गुमान मिटली. वॉल ठणठणीत होता. उगाच बाहेर बसला होता, आणि त्याच्यावाचून इंजिन सकाळी गरम व्हायला निम्मी सांगली पार करावी लागत होती. तो परत बसवून घेतला.

मग पंखा. ट्रकवाल्यानं बघू नका म्हटलं होतं, तरी बघितला. सातशे रुपयांचं एक यंत्र मिळतं, ते स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावलं की इंजिनचं खरं तापमान मोबाइलवर दिसतं. गाडी गणपती मंदिराजवळच्या गर्दीत वीस मिनिटं चालू ठेवली. 97 ला पंखा सुरू, 92 ला बंद, पुन्हा 97 ला सुरू. घड्याळ लावल्यासारखं. ट्रकवाल्याच्या म्हणण्याचा अर्थ मला त्या गर्दीत उमगला. गाडी उभी असते तेव्हा रेडिएटरला वारा फक्त पंख्याचा. म्हणून पंखा, त्याचा रिले किंवा फ्यूज गेला की गाडी गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर गार होते. आमचं उलटं होतं. चढाला इंजिन जास्त उष्णता तयार करतं आणि ती बाहेर टाकायला पाणी कुठंतरी कमी पडत होतं. म्हणजे पंप, नाहीतर रेडिएटर.

इथं सांगलीचा दोष आहे. आमचं गाव तळहातासारखं सपाट. विश्रामबागेतून मिरजेला जा, नाहीतर हरिपूरला, रेल्वेच्या पुलाशिवाय चढ म्हणून नाही. निम्मा रेडिएटर मेला तरी उरलेल्या निम्म्यावर गाडी वर्षानुवर्षं सुखानं चालते. दुखणं कळतं ते घाटात.

एवढं कळूनही मधे एक वळसा पडलाच. दुसऱ्या एका गॅरेजवाल्यानं "हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवावं लागेल, बावीस हजार" असं सांगून माझी झोप उडवली. गॅस्केट म्हणजे इंजिनचं डोकं आणि खालचा ठोकळा यांच्यामधलं पातळ पॅकिंग. ते गेलं की सिलेंडरमधला गॅस पाण्यात घुसतो, हे खरं. पण मग सकाळी थंड गाडी टोपण उघडं ठेवून सुरू केली की पाण्यात बुडबुडे थांबत नाहीत, कधी ऑइल दुधाळ होतं, कधी सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो. आमच्याकडं यातलं काहीच नव्हतं. मी तिसऱ्या ठिकाणी जाऊन निळ्या पाण्याची टेस्ट मागितली. रेडिएटरच्या तोंडातली हवा त्या निळ्या रसायनातून ओढतात, जळलेला गॅस असला तर ते पिवळं पडतं. दहा मिनिटं झाली तरी निळं ते निळंच. बावीस हजार वाचले.

शेवटी एका सहकाऱ्यानं मिरजेतल्या रेडिएटरवाल्या चाचांकडं पाठवलं. दुकान कसलं, पत्र्याची शेड. सत्तरीच्या घरातला माणूस, शर्टाच्या खिशात चष्मा आणि बिडीबंडल. मी माझी सगळी नोंदवही वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि फक्त विचारलं, "गाडी गार हाय न्हवं?"

टोपण काढून त्यांनी गाडी चालू करायला लावली. वॉल उघडेपर्यंत आम्ही चहा घेतला. मग तोंडातून आत पाणी फिरताना दिसायला लागलं, म्हणजे पंप पाणी ढकलत होता. "आता रेस द्या." मी रेस दिली तसं पाणी तोंडाशी चढून भळकन बाहेर सांडलं. "बगा. पंप वरनं ढकलतोय आन् खाली वाट न्हाई." मग गाडी बंद करून त्यांनी पंखा चार बोल्ट काढून बाजूला ठेवला आणि माझं मनगट धरून माझाच हात रेडिएटरच्या जाळीवर ठेवला. डावीकडं जाळी चटका बसेल इतकी गरम. हात हळूहळू उजवीकडं सरकवला. मधे कोमट. आणि उजव्या कडेचा वीतभर पट्टा सकाळच्या फरशीसारखा गार. या रेडिएटरच्या नळ्या उभ्या असतात, वरच्या टाकीतून खालच्या टाकीत. त्या पट्ट्यातून पाणी जातच नव्हतं. दोन महिने मी जे आकड्यांत शोधत होतो ते तळहाताला अर्ध्या मिनिटात कळलं.

जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर उघडून आत सळई मारता येते. आमचा ॲल्युमिनियमचा, टाक्या प्लास्टिकच्या. "याला सळई सोसत न्हाई. नवा टाका," चाचा म्हणाले. नवा चार हजार दोनशेला मिळाला. तो बसवून झाल्यावर मी जुना उघडून बघायचा हट्ट धरला. त्यांनी पकडीनं वरच्या टाकीच्या कडेचे पत्र्याचे दात एकेक वाकवले आणि टाकी उपटली. डावीकडच्या नळ्यांची तोंडं मोकळी. उजवीकडं बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार आणि त्यात थापलेला पिवळट तपकिरी लगदा. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं त्यांनी थोडा उकरून बोटावर चोळला.

"यात कुणी हळद टाकली होती का?"

मी हसलो. हळदीच्या पेठेतून आलेल्या गिऱ्हाइकाची थट्टा चाललीय असं मला वाटलं. पण ते गंभीर होते. बारीक गळती बुजवायला हळद टाकायची जुनी रीत आहे म्हणे. ती पाण्यात फुगते आणि भोकाशी जाऊन बसते. फक्त भोक कुठलं आणि नळी कुठली हे तिला कळत नाही.

घरी येऊन अण्णांना विचारलं. ते बराच वेळ पेपरातून बाहेर आले नाहीत. मग म्हणाले, "मूठभरच. महापुरात."

ऑगस्ट 2019. आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं होतं, ते दिवस. पाणी गल्लीत शिरायच्या आत अण्णा आणि आई गाडी घेऊन तासगावला आत्याकडं निघाले होते. मी तेव्हा नोकरीनिमित्त बाहेरगावी. वाटेत रेडिएटर गळायला लागला. गॅरेजं बंद, पाऊस थांबत नव्हता. आईनं घाईत उचललेल्या किराण्याच्या पिशवीत राजापुरी हळदीचा डबा होता. अण्णांनी गाडी गार होऊ दिली, मूठभर हळद आत सोडली, एका वस्तीवरच्या बोअरचं पाणी भरलं आणि तासगाव गाठलं. गळती थांबली ती थांबलीच. म्हणून पुढची चार वर्षं त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही आणि पाणी कमी झालं की अंगणातल्या बोअरचं भरत राहिले.

"त्या हळदीनं पोचवलं ना तासगावला?" अण्णा म्हणाले. यावर मला काही बोलता आलं नाही.

आता आत निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर आहे. भरताना चाचांनी गाडीचं नाक रॅम्पवर चढवून, हीटर उघडा ठेवून, टोपणातून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली. आत हवा अडकली तर नवा रेडिएटरही तापतो. चार दिवसांनी टोपणही नवं घेतलं, जुन्याचं रबर चिरलं होतं.

जुलैत पाऊस जरा उघडल्यावर मुद्दाम आंबा घाटातून साखरप्याला उतरलो, चहा घेतला आणि लगेच परत फिरलो. पुढच्या सीटवर अण्णा, पायांत पाण्याच्या दोन बाटल्या, मांडीवर मोबाइल. घाट सुरू व्हायच्या आधी सवयीनं त्यांनी एसी बंद केला. मग चढभर आकडे वाचत राहिले: "ब्याण्णव. पंच्याण्णव. सत्त्याण्णव... त्र्याण्णव." अर्धा घाट गेल्यावर वाचणं थांबलं. वरच्या वळणाला आलो तेव्हा त्यांनी काच वर घेतली आणि एसीचं बटण दाबलं.